अण्णांचं डायलिसिस आणि बदलापूर लोकल

पत्र :

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, वय ६८ आहे. मधुमेहाने दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभरापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं डायलिसिस चालू आहे, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात. आम्ही राहतो बदलापूरला. बाराचा नंबर असतो, मशीनवर घेईपर्यंत एक वाजतो आणि सुटेपर्यंत साडेपाच. म्हणजे परतीला ऐन गर्दीची गाडी. मिस्टरांना रजा मिळत नाही, म्हणून मी जाते. मुलगा दुसरीत आहे, त्याला शेजारच्या काकू सांभाळतात. मागच्या महिन्यात कुर्ल्याच्या पुढे अण्णांना चक्कर आली आणि धक्काबुक्कीत सुईच्या जागेवरून रक्त यायला लागलं. पुढच्या खेपेला घाबरून दिव्यांगांच्या डब्यात चढलो, तर आतल्या प्रवाशांनी कार्ड मागितलं आणि नाही म्हटल्यावर ठाण्याला उतरवलं. टॅक्सी परवडत नाही.

आता अण्णांनी परस्पर ठरवून टाकलंय, बुधवार बंद. म्हणतात, 'दोनदा पुरे, मला काही होत नाही.' जवळ कुठे डायलिसिस मिळेल का बघू, असं मी म्हटलं तर शिवडीची नणंद म्हणाली, 'वहिनी, तुला न्यायचा कंटाळा आलाय हे सरळ सांग ना.' अण्णा परळ सोडायला तयार नाहीत. लालबागच्या चाळीत वाढले, १९८२ पर्यंत गिरणीत होते, माझ्या मिस्टरांचा जन्मही त्याच रुग्णालयातला. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी काय करू?

– एक सून, बदलापूर

उत्तर :

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी बुधवार. अण्णांनी बुधवार सोडला तर सोमवारनंतर थेट शुक्रवार. मधले तीन दिवस अंगात साठलेलं पाणी आणि पोटॅशियम बाहेर जायला वाटच नाही. आठवड्यात तीनदा डायलिसिस करणाऱ्यांनाही शनिवार-रविवारचा खंड जड जातो, हे कुठल्याही युनिटमधला टेक्निशियन तुम्हाला सांगेल. सोमवारी सकाळी दम लागलेले, पाय सुजलेले रुग्ण सगळ्यात जास्त येतात. पोटॅशियम वाढलं तर ते आधी कळतही नाही, थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. म्हणून 'मला काही होत नाही' या वाक्यावर विसंबू नका. काही रुग्णांना दोनदा पुरतं, हे खरं आहे. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्यांच्या बाबतीत डॉक्टर तसा विचार करतातही. पण ते तपासण्या बघून डॉक्टरांनी ठरवायचं. लोकलच्या गर्दीने ते ठरवलं, हेच तुमच्या घरात चुकतंय.

घरात सगळ्यांना एक गोष्ट माहीत असू द्या. झोपल्यावर दम लागणं, छातीत धडधड, हातपाय एकाएकी गळून जाणं, चेहऱ्यावर सूज यातलं काही दिसलं तर परळ गाठायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि सगळ्यात जवळच्या रुग्णालयात जायचं. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. मात्र ती तातडीच्या प्रसंगासाठी आहे, ठरलेल्या डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी ती येत नाही. १०२ ची गाडी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी असते. बरेच लोक हे दोन नंबर एकच समजतात आणि वेळेला घोळ होतो.

आता कंटाळ्याचं. ताई, तुम्ही दमला आहात आणि दमायलाच पाहिजे. चार तास मशीनचे, तेवढेच किंवा त्याहून जास्त येण्याजाण्याचे, वर थांबण्याचे, आणि हे आठवड्यातून तीनदा. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंय आणि तेही मुलाला कोण सांभाळतं याचं. पण तुम्ही दमला नसतात तरी तुमचा मुद्दा बरोबरच राहिला असता. बदलापूर मुंबई सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. रक्तदाब उतरलेला, हातातून नुकत्याच सुया काढलेला माणूस संध्याकाळी सहाच्या गाडीत उभा राहणं हे त्याच्या उपचारात बसत नाही. नणंदेला हे तुम्ही सांगू नका, तिला ते पटणार नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून आलं पाहिजे आणि त्यासाठी डॉक्टरांना आधी ते कळलं पाहिजे.

रुग्णालयांत समाजसेवेचं काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. केसपेपरवर पत्ता लिहिलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही. डॉक्टर वजन बघतात, बीपी बघतात, हिमोग्लोबिन बघतात. माणूस कुठून आलाय आणि कसा परत जाणार आहे, हे विचारायला त्यांना वेळ नसतो. आणि आपली माणसं आपणहून सांगत नाहीत. डॉक्टरांसमोर लोकलचं रडगाणं काय गायचं, असं वाटतं. गायचं, ताई. एका कागदावर लिहून न्या. घरातून किती वाजता निघालो, मशीनवर कधी घेतलं, किती वाजता सुटलो, घरी किती वाजता पोचलो, वाटेत काय झालं. चक्कर आणि रक्तस्रावाचा दिवस तारखेसह लिहा. अण्णांना बुधवार सोडायचा आहे, हेही लिहा. ज्या दिवशी मोठे डॉक्टर राऊंडला असतात त्या दिवशी तो कागद त्यांच्या हातात द्या. आणि त्या दिवशी मिस्टरांनी अर्धा दिवस का होईना, रजा काढून सोबत यायचं. गप्प राहणं त्यांना आता परवडणारं नाही, हे माझं नाव घेऊन सांगा.

डॉक्टरांकडे पहिली मागणी सकाळच्या शिफ्टची करा. पहाटे बदलापूरहूनच सुटणारी गाडी धरली तर बसायला मिळण्याची आशा असते. अंबरनाथची मंडळी रिटर्न करून, म्हणजे उलटी बदलापूरला येऊन, आधीच बसलेली असतात हे खरं, पण पहाटे अण्णा ताजे असतात, अंगात त्राण असतं. खरा फायदा परतीचा आहे. दुपारी बारा-एकच्या डाऊन गाडीत अण्णा खिडकीशी बसून, मान टेकून येऊ शकतील. सकाळची शिफ्ट भरलेली असते, लगेच मिळणार नाही. नाव नोंदवून ठेवा आणि दर आठवड्याला विचारत राहा.

तोवर नणंदेला कामाला लावा. हे मी रागाने म्हणत नाही. तिला वडिलांची काळजी आहे म्हणूनच ती बोलली, आणि शिवडी परळपासून हाकेच्या अंतरावर आहे. साडेपाचला सुटल्यावर अण्णांनी तडक स्टेशन न गाठता तिच्याकडे जायचं, पडायचं, जेवायचं आणि गर्दी ओसरल्यावर रात्रीची गाडी धरायची किंवा तिथेच राहायचं. बुधवारची रात्र तर तिच्याकडेच ठेवा. आठवड्यातून एकदा जरी तिने वडिलांना मशीनवरून उठताना पाहिलं, तरी वहिनीच्या कंटाळ्याचा विषय पुन्हा निघणार नाही.

प्रवासातल्या काही गोष्टी आजपासूनच पाळा. डायलिसिस झाल्याबरोबर उठायचं नाही. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असं दोनदा बीपी मोजून घ्यायचं, जरा वेळ वॉर्डातच बसायचं, काहीतरी खायचं. बीपीच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. अनेकांची त्या दिवसाची वेळ बदलावी लागते आणि बऱ्याच जणांची चक्कर तिथेच थांबते. फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर जोडून घेतलेल्या, हाताने डब्यातली कडी धरायची नाही, त्या खांद्याला पिशवी अडकवायची नाही, तो हात नेहमी भिंतीकडे किंवा तुमच्याकडे असू द्यायचा. रक्त आलं तर गॉज ठेवून बोटांनी नेमक्या त्या जागी दाबून धरायचं आणि दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर पुढच्या स्टेशनवर उतरून मदत घ्यायची. पर्समध्ये गॉज आणि चिकटपट्टी कायम ठेवा. रोज रात्री फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का, बघा. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

पण हे सगळं तात्पुरतं. खरा उपाय जवळच्या केंद्राचा आहे, तुम्ही पहिल्यांदा सुचवलात तोच. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की मोठ्या रुग्णालयातलं डायलिसिस वेगळं आणि उपनगरातलं हलकं. मशीन तेच काम करतं. बघायच्या गोष्टी दुसऱ्या असतात. किडनीतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? शिफ्टमध्ये एका टेक्निशियनकडे किती रुग्ण असतात? आरओच्या पाण्याची तपासणी नियमित होते का? डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, पुन्हा वापरतात का आणि वापरत असले तर प्रत्येकाचा वेगळा, नाव घालून ठेवतात का? मध्येच कुणाला त्रास झाला तर आयसीयू त्याच इमारतीत आहे की रिक्षा शोधावी लागेल? एकदा जाऊन बसा तिथे, दोन रुग्णांच्या नातेवाइकांशी बोला. तासाभरात कळतं.

चौकशी कुठून सुरू करायची? अंबरनाथचं छाया उपजिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, जरा लांब पण परळपेक्षा कितीतरी जवळ असं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तिथे मशीन आहे का, चालू आहे का, यादी किती लांब आहे, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. जिल्हा पातळीवर डायलिसिस मिळावं म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये कार्यक्रम सुरू केला, गरीब रुग्णांना तो मोफत आहे. त्याशिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयांतही ते मिळतं. आधी दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या निर्णयाने ती कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही योजना खुली झाली. तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण आता त्याने अडणार नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. बदलापूर-कल्याण पट्ट्यात कुठल्या रुग्णालयांत योजनेतून डायलिसिस होतं, याची यादी तो देऊ शकतो. परळला सध्या योजनेतूनच चालू असेल तर केंद्र बदलताना मंजुरी कशी फिरवायची, हेही त्यालाच विचारा. एक दिवसही मध्ये तुटता कामा नये, एवढं त्याला बजावून सांगा.

धर्मादाय रुग्णालयांचा रस्ताही आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, तो नसला की सगळीकडे खिडकीवरूनच परत पाठवतात.

परळहून निघताना रेफरलची चिठ्ठी नीट घ्या. त्यात ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), किती तास, किती हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), कुठला डायलायझर, फिस्टुला कधी केला, हे सगळं हवं. सोबत कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, कारण त्यांच्याशिवाय कुठलंही युनिट दारात उभं करत नाही. हिमोग्लोबिन आणि इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) रिपोर्टही ठेवा. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस हाही एक प्रकार आहे. त्यात रोज तीन-चार वेळा पोटात पाणी भरून काढावं लागतं, कमालीची स्वच्छता लागते आणि जंतुसंसर्गाची भीती असते. अण्णांना तो चालेल का हे डॉक्टरांना विचारा, पण तुमच्या अंगावर आणखी एक रोजचं काम येईल, हे विसरून हो म्हणू नका.

आता अण्णा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की ते परळ सोडायला तयार नाहीत. मला ते हट्टाचं वाटत नाही. केईएम १९२६ मध्ये उभं राहिलं, वाडियाचं प्रसूतिगृहही त्याच सुमाराचं, टाटा मेमोरियल १९४१ चं. गिरणगाव भोवती नांदत होता तेव्हा ही रुग्णालयं त्याच्या दारात होती. भोंगा वाजला की कामावर, ताप आला की चालत केईएम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर बसली आणि त्यातली किती तरी पुढे कल्याण, बदलापूर, विरारला फेकली गेली. चाळीच्या जागी टॉवर आले, रुग्णालयं जागच्या जागी राहिली. ज्या माणसांनी ती भरली, ती माणसं आता सव्वा-दीड तासाच्या लोकलपलीकडे आहेत. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांकडे बघा, केईएम, नायर, सायन सगळी जुन्या मुंबईत. उपनगरांच्या वाट्याला कूपर आणि काही लहान रुग्णालयं. बदलापूर तर मुंबई महापालिकेत येतही नाही. अण्णांनी शहर सोडलं नव्हतं, शहरानेच त्यांना इतकं लांब ढकललं. आता ते रुग्णालयही सोड, असं सून सांगते तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल, याचा विचार करा.

म्हणून त्यांना 'परळ सोडा' असं म्हणूच नका. परळचे डॉक्टर त्यांचेच राहणार आहेत. दर एक-दोन महिन्यांनी ओपीडी तिथेच, फिस्टुलाचं काही झालं तर तिथेच, फाईल तिथलीच. फक्त आठवड्यातली ती तीन डायलिसिसं घराजवळ. आणि हे आधी डॉक्टरांनी त्यांना सांगावं, मग तुम्ही. महिनाभर करून बघू, जमलं नाही तर परत जाऊ, असं त्यांच्यावर सोडा. एक विचारते, बुधवार बंद करण्यामागे त्यांच्या मनात तुम्ही तर नाही ना? सुनेचे हाल होतात म्हणून स्वतःचं डायलिसिस कमी करणारे सासरे मी पाहिले आहेत. ते तोंडाने कधी कबूल करत नाहीत. मिस्टरांनी रात्री जेवताना हा विषय काढावा, तुमच्यासमोर नको.

आणि तो डबा. त्या प्रवाशांवर रागावू नका, त्या डब्यासाठी त्यांनी फार झगडून जागा मिळवली आहे आणि रोज धडधाकट लोक त्यात घुसतात. त्या डब्यात दिव्यांग, कर्करुग्ण आणि गरोदर बायकांना बसता येतं. डायलिसिसचे रुग्ण त्यात धरलेले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, किडनी निकामी होणं नाही. अण्णांची नजर मधुमेहाने अधू झाली असेल किंवा पायाचं काही झालं असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळेल आणि डब्यात हक्काने बसता येईल.

पण कार्ड निघालं नाही तरी अण्णांना त्या डब्याची गरज आहेच, आणि इथे मला तुमच्याकडून एक काम हवंय. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक भाडेसवलती बंद केल्या, तेव्हाही रुग्णांच्या ११ गटांच्या सवलती चालू ठेवल्या आणि त्यात किडनीचे रुग्ण आहेत. सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे. म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर रेल्वे त्यांना रुग्ण मानते आणि डब्याच्या दारात मानत नाही. लोकलचं तिकीट अण्णांना परवडतं. त्यांना हवी आहे चार तास मशीनवर काढल्यावर बसायला एक जागा. कर्करुग्णांना जो न्याय दिला, तोच रुग्णालयाचं डायलिसिसचं कार्ड बघून या रुग्णांनाही द्या, एवढी साधी मागणी आहे. तुमच्या वॉर्डात अंबरनाथ, डोंबिवली, टिटवाळ्याहून येणारे रुग्ण नक्की असतील. त्यांच्या सह्या घ्या. डायलिसिस चालू असताना नातेवाईक बाहेर बाकावर बसून असतात, त्या चार तासांत हे होतं. बदलापूर-अंबरनाथच्या प्रवासी संघटना खमक्या आहेत, त्यांना सोबत घ्या आणि अर्ज मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या व्यवस्थापकांना द्या.

दुसरा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली, वर सांगितलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाला वेगळा. डायलिसिसची मशीन किती, त्यातली चालू किती, दिवसाला किती शिफ्ट, प्रतीक्षायादीत किती जण, बंद मशीन कधीपासून बंद आणि दुरुस्तीसाठी काय केलं. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एखाद्या ठिकाणी मशीन असून तंत्रज्ञ नाही म्हणून एकच शिफ्ट चालते, असं त्यातून निघालं तर तो कागद आमदारांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे घेऊन जाता येतो. हे अर्ज मिस्टरांना लिहू द्या, रात्री घरी बसून होण्यासारखं काम आहे. मसुदा सदराच्या पत्त्यावर पाठवलात तर मी वाचून दुरुस्त करून देईन. दोन्ही अर्ज दोन प्रतींत काढा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.